सोलापुरात राहून कार रेसिंग सुरू करायचंय, दीड लाख आहेत, कुठून सुरुवात करू?

टॉवेलवाला_२४

नमस्कार मंडळी. लई दिवस विचारू विचारू म्हणत होतो, आज विचारतोच. वय २४, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. पगार बेताचा आहे पण घर स्वतःचं आहे, भाडं नाही, त्यामुळं महिन्याला थोडेफार बाजूला पडतात. साठवून साठवून दीड लाख झालेत आणि ते मला रेसिंगला लावायचेत. लहानपणी टीव्हीवर नोएडाची फॉर्म्युला वन बघितली होती तेव्हापासून डोक्यात हेच आहे.

काकांची २००४ ची झेन आमच्या दारात उभी असते, चालू कंडिशन, काका म्हणतात घेऊन टाक तुला. माझा प्लॅन असा की तिला फ्री फ्लो सायलेन्सर, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवायची, अलॉय आणि रुंद टायर, मग कुठंतरी एंट्री मारायची. गॅरेजवाल्यानं सगळं मिळून ८० हजार सांगितलेत.

एक आधीच सांगतो, मला बायपासवर रात्री पोरं करतात ते करायचं नाही. आमच्यातला एक दोस्त मागच्या पावसाळ्यात विजापूर रोडला डिव्हायडरवर गेला. वाचला, पण डाव्या पायात रॉड आहे, अजून काठी घेऊन चालतो. त्या रात्री मागच्या गाडीत मी होतो. त्याची आई दिसली की मला मान वर करून बोलता येत नाही. म्हणून आता जे करायचं ते ट्रॅकवरच, नाहीतर नाहीच.

तर झेनवर खर्च करू का? लायसन्स कुठं मिळतं? सोलापूरजवळ काय आहे का? आणि २४ म्हणजे उशीर झाला का हे पण खरं खरं सांगा.

तिसरा_गियर

भावा, ते ८० हजार गॅरेजवाल्याला देऊ नको. दिले असशील तर आज जाऊन परत माग.

मी पण सोलापूरचाच, सात रस्त्याजवळ घर, आता नोकरीमुळं पुण्यात. तुझ्या वयात मी हेच केलं. जुनी एस्टीम घेतली, दोन वर्षं जे मिळालं ते तिच्यात घातलं, सस्पेन्शन, सायलेन्सर, सीट, स्टिअरिंग, आणि दोन वर्षांत ट्रॅकवर किती चालवली माहितीय? सगळी मिळून चाळीस मिनिटं. कारण पैसा संपला होता, आणि ट्रॅक म्हणजे चेन्नई नाहीतर कोइमतूर, सोलापूरपासून नऊशे-हजार किलोमीटर, तिथं गाडी न्यायची, चालवायची आणि तुटली तर परत आणायची कशी. त्या चाळीस मिनिटांत माझ्यापेक्षा निम्म्या ताकदीच्या गाड्या मला वळणावर आरामात मागं टाकून गेल्या कारण त्या पोरांनी गो-कार्टमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या रेसच्या गाडीत, तासन् तास घालवले होते आणि मी गॅरेजच्या बाकड्यावर.

तेव्हा कळलं की या खेळात पैसे मोजायचे ते सीटवर बसलेल्या मिनिटांचे. जे काय विकत घेशील त्याला हाच प्रश्न विचार, यानं मला किती मिनिटं चालवायला मिळणार. सायलेन्सरनं शून्य मिनिटं मिळतात.

सुरुवात कार्टपासून कर. हसू नको, बागेतल्या पोरांच्या गाड्या वाटतात पण आजचे बहुतेक सगळे रेसर तिथूनच आलेत. कार्टला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर, नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच सळईवर घट्ट बसवलेली असतात, दोन्ही सारखीच फिरणार. आता वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी, मग एक चाक घासत ओढलं जाणार. म्हणून कार्टची रचनाच अशी असते की स्टिअरिंग वळवलं की मागचं आतलं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं, आणि मग ती सुटल्यासारखी वळते. तू ब्रेक जास्त मारून, घाबरून, स्टिअरिंग हिसका देऊन वळलास तर ते चाक उचललंच जात नाही, कार्ट नांगरासारखी पुढं ढकलत जाते. सस्पेन्शन नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, ढुंगण जमिनीपासून बोटभर वर. तुझी प्रत्येक चूक तिथल्या तिथं हाताला आणि बरगडीला कळते. गाडीत हे कळायला वर्ष जातं कारण गाडी चुका झाकते.

सोलापूरहून सगळ्यात सोयीचं म्हणजे कोल्हापूर. तिथं मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, ध्रुव मोहिते तिथलाच, राष्ट्रीय पातळीवर टूरिंग कार, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीवरून बनवलेली रेसची गाडी, चालवलेला. कृष्णराज महाडिक पण कोल्हापूरचा, ब्रिटिश फॉर्म्युला थ्री चालवून आला. म्हणजे आपल्या बाजूच्या पोरांना हे जमत नाही असं काही नाही. जायच्या आधी फोन करून ट्रॅक चालू आहे का, भाड्याची कार्ट कुठली मिळते, सकाळी किती वाजता उघडतात एवढं विचारून घे. पुण्यात आणि हैदराबादला पण ट्रॅक आहेत. बंगळूरला मेको कार्टोपिया आहे, आपल्या उद्यान एक्सप्रेसनं थेट जाता येतं.

आणि गेलास की सगळे पैसे एका दमात उडवू नको. दहा मिनिटं चालव, उतर, पाणी पी, वहीत लिही कुठलं वळण चुकलं, मग परत बस. पहिल्या दिवशी फक्त ब्रेक, म्हणजे प्रत्येक वळणाला सरळ असतानाच ब्रेक संपवायचा आणि मगच स्टिअरिंग वळवायचं. वेळ बघूच नको. दुसऱ्या फेरीला जाशील तेव्हा फक्त नजर, वळणात शिरायच्या आधी नजर बाहेर पडायच्या जागेवर गेली पाहिजे. डाव्या पायानं ब्रेक मारायची सवय कार्टमध्येच लागते, आणि दोन्ही पेडल एकदम दाबायचे नाहीत, भाड्याच्या कार्टवर तर अजिबात नाही, क्लच जळतो आणि ते लोक ओरडतात, बरोबरच आहे त्यांचं.

सहा-आठ महिने असं करून मग ट्रेनिंग स्कूल कर. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा मद्रास सर्किट, तिथं शाळा भरतात, गाडी त्यांची, हेल्मेट-सूट बहुतेकदा त्यांचाच. त्यानंतर एफएमएससीआयचं लायसन्स, तीच आपल्या देशाची मोटरस्पोर्टची संस्था, तिच्या लायसन्सशिवाय मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरता येत नाही. मग पुढची पायरी म्हणजे नोव्हिस कप, नवख्यांची स्पर्धा, किंवा एलजीबी फॉर्म्युला ४, एकच सीट, उघडी चाकं, आणि इंजिन कुठलं तर मारुती स्विफ्टचं १३०० सीसी. गाडी टीमची असते, तू सीटचे पैसे देतोस. आपटलीस तर तुटलेल्या भागाचं बिल वेगळं, हे आधी लेखी विचारून घे.

आपल्याकडं हा खेळ स्वस्तात उभाच मारुतीच्या इंजिनांवर राहिला. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती बनवली, नारायण कार्तिकेयन त्याच गाडीतून सुरू झाला आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनला पोचला. तो कारी ट्रॅक त्यांच्याच नावाचा आहे. पहिल्यांदा तिथं पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्यांचं काम करतात तिथं, उभा राहिलो तेव्हा अंगावर काटा आला होता.

दहाअकराचा_पाना

पोरा, मी होटगी रोडला तीस वर्षं गॅरेज चालवतोय. वरच्या भावानं सांगितलं ते सोळा आणे. मी झेनपुरतं बोलतो.

स्प्रिंगा कापायचं मनातून काढून टाक. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात गाडी पूर्ण उचलली की जागेवरून सरकते, आणि आपल्या सोलापुरात खड्डे शोधायला जावं लागत नाही. रुंद टायर लावले की स्टिअरिंग जड, बेअरिंगवर लोड, मायलेज खाली, आणि १००० सीसीच्या इंजिनला तेवढं वजन फिरवायला ताकद नाही. शिवाय कंपनीनं दिलेली रचना बदलायला कायद्यानं मनाई आहे, पासिंगला अडतं. आणखी एक सांगतो, घरी गेलास की झेनची इन्शुरन्स पॉलिसी काढून नीट वाच. वापराच्या मर्यादेत लिहिलेलं असतं की रेसिंग, स्पीड टेस्टिंग यासाठी वापर केला तर संरक्षण नाही. म्हणजे ट्रॅकवर गाडी आपटली तर खर्च सगळा तुझा. हे पोरांना कोणी सांगत नाही.

आता ब्रेक, कारण यावर मी जळलोय. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या पोराची गाडी घेऊन आम्ही ट्रॅक डेला, म्हणजे ज्या दिवशी आपली गाडी ट्रॅकवर चालवू देतात त्या दिवशी, गेलो होतो, तयारी मीच केली होती. इंजिन बघितलं, टायर बघितले, ब्रेक पॅड नवे टाकले. ब्रेक ऑइल बदललं नाही, म्हटलं लेव्हल बरोबर आहे, दिसतंय ना स्वच्छ. चौथ्या राउंडला सरळ पट्टीच्या शेवटी त्यानं पाय दाबला आणि पेडल पार तळाला गेलं, काहीच नाही. मातीत गेला, टायरच्या भिंतीला हळू लागला, पोराला खरचटलं पण नाही. पण तो हेल्मेट काढून माझ्याकडं चालत आला तेव्हाचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. चूक माझी होती.

झालं काय होतं, तर ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवीन डॉट ३ ऑइल २०५ अंशाला उकळतं, डॉट ४ असेल तर २३० ला. पण पाणी शोषलेलं डॉट ३ म्हणजे १४० ला पण उकळू शकतं. रस्त्यावर ब्रेक एवढे तापतच नाहीत म्हणून दोन-तीन वर्षांचं जुनं ऑइल पण चालून जातं, कळतच नाही. ट्रॅकवर मिनिटाला चार वेळा जोरात ब्रेक, कॅलिपर भाजायला लागतो, ऑइल उकळलं की आत वाफेचे बुडबुडे, आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, ब्रेक लागत नाही. तेव्हापासून ट्रॅकला जाणारी कुठलीही गाडी माझ्याकडं आली की मी आधी जुनं ऑइल सगळं काढून डॉट ४ भरतो आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढतो, मालक काहीही म्हणो.

झेन घे काकांकडून, पण चालवायला शिकायला. ब्रेक ऑइल, पुढचे पॅड, मागच्या ड्रमचे शू, बॉल जॉइंट, बुश, इंजिन माउंट आणि कंपनी साइजचेच चांगले टायर. एवढ्यानं गाडी सरळ धावते आणि सरळ थांबते, ८० हजाराच्या पाव पैशात होतं. आणि पार्ट बदलताना माझ्याकडं येऊन बस, पाना हातात घे. गाडीला काय होतंय हे ज्याला सीटवर बसून सांगता येतं त्याला टीममध्ये मेकॅनिक जीव लावतात.

रस्त्यावरच्याबद्दल तू शहाणा झालायस म्हणून जास्त बोलत नाही. पण तुझ्या ग्रुपमध्ये हे सांग, मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर कैद एक वर्षापर्यंत आणि दंड १०,००० पर्यंत. माझ्या गॅरेजला रात्रीच्या शर्यतीची चेपलेली गाडी आली की मी आधी विचारतो पोरगं कसंय.

बार्शीची_नेव्हिगेटर

माझं थोडं वेगळं मत आहे. कार्ट करच, पण तोपर्यंत झेन दारात नुसती कशाला उभी ठेवायची? टीएसडी रॅली कर.

टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. यात सगळ्यात जोरात कोण गेलं याला किंमतच नाही. आयोजक रोड बुक देतात, त्यात प्रत्येक वळणाचं छोटं चित्र असतं, बाण कुठून आलो आणि कुठं जायचं, त्याला ट्युलिप म्हणतात, आणि प्रत्येक टप्प्याला ठरलेला सरासरी वेग, तोही कायद्याच्या मर्यादेतला. चालू रस्त्यावर, साध्या गाडीनं, लायसन्स-पीयूसी-इन्शुरन्स नीट असलेल्या. वाटेत कुठंतरी लपून टाइम कंट्रोल असतो, तिथं तुम्ही नेमक्या सेकंदाला पोचायचं. उशिरा पोचलात तर दंड आणि लवकर पोचलात तर बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त दंड.

मी शाळेत गणित शिकवते आणि माझे मिस्टर गाडी चालवतात, मी शेजारी बसून वेळ काढते. आमचा पहिला धडा सांगते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ६०० मीटर, सेकंदाला १० मीटर. टप्पा १२.६ किलोमीटरचा असेल तर २१ मिनिटं, एक सेकंद इकडं नाही तिकडं नाही. आता मध्येच म्हशी आडव्या आल्या आणि ४० सेकंद गेले, तर ते ४० सेकंद पुढच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये हळूहळू भरून काढायचे, एकदम नाही, कारण कंट्रोल पुढच्या वळणाला पण असू शकतो. आणि तुमच्या गाडीचा किलोमीटर काटा आणि आयोजकांचा काटा यात फरक असतो, म्हणून सुरुवातीला मोजून दिलेल्या पट्ट्यावर तो फरक काढून घ्यायचा, नाहीतर दिवसभराचं गणित चुकतं. आमचं पहिल्या वेळी हेच चुकलं होतं. मी काटा जुळवलाच नाही आणि संध्याकाळपर्यंत आम्हाला कळेना की प्रत्येक ठिकाणी आपण लवकर का पोचतोय.

खर्च म्हणजे एंट्री फी, पेट्रोल आणि एक रात्र राहायचा, तोही दोघांत वाटून. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन आहे, तिच्या रॅलींवर नजर ठेव, आणि नाशिकला तर रॅलीची जुनी परंपरा आहे. यातून काय मिळतं, तर स्पर्धेची शिस्त. स्क्रुटिनी म्हणजे स्पर्धेआधीची गाडीची तपासणी कशी असते, स्टार्टला रांगेत किती वाजता उभं राहायचं, कागदावर सही कुठं करायची, हरकत कशी नोंदवायची. आणि शेजारच्या माणसावर विश्वास ठेवून गाडी चालवायची सवय लागते, ती पुढं खऱ्या रॅलीत, स्टेजवर म्हणजे बंद केलेल्या रस्त्यावर जोरात चालवताना, जिवाची असते.

तुमचे दोस्त, ज्यांच्या पायात रॉड आहे, त्यांना नेव्हिगेटर सीटवर बसवून बघा. त्याला डावा पाय लागत नाही.

टॉवेलवाला_२४

ताई, तुमची शेवटची ओळ वाचून मोबाईल खाली ठेवला थोडा वेळ. सकाळी त्याला पाठवली.

काका, मी रविवारी गॅरेजला येतो, होटगी रोडला नेमकं कुठं तेवढं मेसेज करा. दादा, ८० हजार दिले नव्हते अजून, फोन करून नाही सांगितलं. तो चिडला थोडा, पण असू दे.

अजून तीन प्रश्न. हेल्मेट माझं बाइकचं आहे आयएसआयवालं, ते चालेल का? वयाचं कोणीच बोललं नाही. आणि चेन्नई-कोइमतूरला नुसतं बघायला जायचं तरी खर्च आहे, तर बघण्याचा काही उपयोग होतो का?

पिवळा_झेंडा

बघायला जाऊ नको, मार्शल म्हणून जा, म्हणजे ट्रॅकच्या कडेला उभं राहून झेंडे दाखवणारा. मी तीन सीझन केलंय. आयोजक क्लबला प्रत्येक रेसला वळणावळणावर माणसं लागतात, नवीन लोकांना ते आधी शिकवतात. चेन्नईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब आहे, १९५३ पासूनचा, तिथं विचारून बघ. आपल्याकडून मुंबई-चेन्नई मेल आहेच, आणि कुर्ला-कोइमतूर पण सोलापूरवरून जाते.

तिकिटाच्या जागेवरून जे दिसत नाही ते मार्शलच्या खांबावरून दिसतं. मी दोन दिवस एकाच वळणाला उभा होतो, शंभरेक वेळा त्याच त्याच गाड्या येताना बघितल्या. पहिला येणारा प्रत्येक वेळी ब्रेकला त्याच जागी पाय ठेवत होता, रस्त्यावर एक काळा डाग होता, बरोबर त्याच्या पुढं, दोन्ही दिवस. शेवटून दुसरा होता तो कधी डागाच्या आधी, कधी नंतर. वेगात मला काही फरक दिसत नव्हता, दोघंही सारखेच जोरात वाटत होते. फरक तेवढाच होता.

आणि झेंडे पाठ होतात. पिवळा म्हणजे पुढं धोका, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे तुझ्या मागं जास्त वेगवान गाडी आहे. लाल-पिवळे पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा आहे, ऑइल सांडलंय किंवा पाणी. लाल म्हणजे सेशन थांबलं. काळा तुझ्या नंबरसोबत दिसला तर पिटमध्ये ये. नवीन पोरं वेग शिकून येतात आणि झेंड्यात चुकतात, मग दंड खातात.

तिसरा_गियर

हेल्मेटचं सांगतो. भाड्याच्या कार्टवर तुझं फुल फेस चालतं बहुतेक ठिकाणी, आधी विचार. पण पुढं गाडीत बसशील तेव्हा नाही. बाइकच्या हेल्मेटला आगीची टेस्ट नसते. स्नेल ही हेल्मेट तपासणारी संस्था, तिचं एसए किंवा एफआयए म्हणजे जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या मान्यतेचं असतं त्याला आगीची पण टेस्ट असते आणि रोल केजच्या, म्हणजे गाडीच्या आतल्या संरक्षक सांगाड्याच्या, पाइपवर डोकं पुन्हा पुन्हा आपटलं तर काय, याची पण. दीड लाखातली सगळ्यात पहिली मोठी खरेदी तीच कर, आणि नवीनच घे, सेकंडहँड हेल्मेट कोणाकडून कधीच घेऊ नको, आत फोमला काय झालंय ते दिसत नाही. सूट भाड्यानं मिळतो, टीमकडून मिळतो, डोकं स्वतःचं असतं. आणि कार्टसाठी बरगड्यांचं जाकीट मिळतं ते घे, नाहीतर दुसऱ्या दिवशी शिंकताना आई आठवेल.

वय. खरं विचारलंस म्हणून खरं सांगतो, फॉर्म्युला वनचं वय गेलं. ती पोरं सात-आठ वर्षांची असताना कार्टमध्ये बसतात आणि घरचे कोटींनी ओततात. पण नोव्हिसमध्ये, टूरिंग कारमध्ये, रॅलीत तुझ्यापेक्षा मोठी माणसं पहिल्यांदा उतरतात, माझ्यासोबत ग्रिडवर, म्हणजे रेस सुरू होते त्या रांगेत, चाळिशीचे एक डॉक्टर होते आणि त्यांना मागं टाकायला मला तीन रेस लागल्या. रॅलीत तर वय वाढेल तसा माणूस शांत होतो आणि वेळ कमी होतो.

पैशाचं असं कर. या वर्षी कार्ट आणि हेल्मेट, झेनची सर्व्हिस, ताईंनी सांगितलेली एक रॅली, आणि वर्षाच्या शेवटी ट्रेनिंग स्कूल. दीड लाखातलं काही उरलं तर हात लावू नको, पुढच्या वर्षीच्या सीटला लागेल. कर्ज काढून सीट घ्यायची नाही, हे मला शब्द दे. मी काढलं होतं, हप्ते भरताना रेसिंगचाच राग यायला लागला होता.

एटीव्हीवाली

इथं कॉलेजची पोरं-पोरी वाचत असतील तर त्यांच्यासाठी. इंजिनिअरिंगला असाल तर बाहा एसएई किंवा फॉर्म्युला भारत, या कॉलेजच्या पोरांनी स्वतः गाडी बनवायच्या स्पर्धा, त्यांच्या टीममध्ये घुसा, वेल्डिंगला असो नाहीतर अकाउंट्सला. आम्ही सोलापुरातून एटीव्ही, म्हणजे कच्च्या रस्त्यावर धावणारी छोटी गाडी, बनवून पिथमपूरला घेऊन गेलो होतो, ट्रकमध्ये गाडीशेजारी झोपून. फॉर्म्युला भारत कारी ट्रॅकवरच होते. स्वतःच्या खिशातून फार काही जात नाही आणि चॅसिसचा पाइप कुठं वाकतो हे हातानं कळतं. टॉवेलवाला दादा, तुमचं कॉलेज झालंय पण आमच्यासारख्या टीमना चाचणीच्या दिवशी मदतीला माणसं लागतात, एमआयडीसीतला मोकळा रस्ता बंद करून नाही हां, कॉलेजच्या मैदानावर, परवानगी काढून.

टॉवेलवाला_२४

सगळ्यांना अपडेट. काल कोल्हापूरला जाऊन आलो.

दोस्त पण आला. त्याच्या आईला मीच जाऊन विचारलं, पाच मिनिटं दारात उभा होतो, मग आत बोलावलं. ट्रॅक आहे, हेल्मेट आहे, कोणी समोरून येत नाही, सगळं सांगितलं. काही बोलल्या नाहीत. पहाटे निघताना दोघांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

पाच वेळा बसलो, दहा-दहा मिनिटं. पहिल्या वेळी दादांचं सगळं विसरलो, नुसता दाबत सुटलो, दोनदा गोल फिरलो आणि एक बारकं पोरगं, दहा-अकरा वर्षांचं असेल, माझ्या आतून निघून गेलं. उतरलो तेव्हा हात थरथरत होते, बाटलीचं झाकण निघेना. दुसऱ्या वेळी ठरवलं फक्त ब्रेक. सरळ असतानाच संपवायचा. हळू वाटत होतं, अगदी हळू, वाटलं आता सगळे पुढं जाणार. वेळेचा कागद हातात आला तर सगळ्यात चांगला लॅप पहिल्यापेक्षा तीन सेकंदांनी कमी. मी त्या माणसाला विचारलं कागद माझाच आहे ना.

आणि ते चाक उचललं जातं ना दादा, ते मला चौथ्या वेळी कळलं. एकाच वळणाला, एकदाच. कार्ट अचानक हलकी झाली, स्टिअरिंगमधलं ओझं गेलं, आणि आपोआप वळली. नंतर तसं परत झालंच नाही, पण काय शोधायचं ते आता माहितीय.

दोस्त कठड्यावर बसून मोबाईलवर वेळ घेत होता. शेवटी मला म्हणाला, बे, त्या लांब उजव्या वळणाला तू दोनदा पाय काढतोयस, इंजिनचा आवाज दोनदा पडतोय, बाकी पोरांचा एकदाच पडतोय. मला सीटवर बसून हे कळलंच नव्हतं. आता हे कसं सुधारायचं ते सांगा. ताई, त्याला रोड बुक कसं वाचायचं ते पण शिकायचंय, जुनं एखादं असेल तर फोटो पाठवाल का?

तिसरा_गियर

दोनदा पाय काढतोस म्हणजे तू त्या वळणात लवकर वळतोयस. लवकर वळलास की मध्येच बाहेरची कड अंगावर येते, भीती वाटते, पाय सुटतो. थोडं उशिरा वळ, एक कार्टभर उशिरा, आतली कड वळणाच्या अर्ध्याच्या पुढं गेल्यावर पकड, मग बाहेर पडताना रस्ता उघडा मिळतो आणि पाय दाबून ठेवता येतो. वळायची खूण म्हणून कडेचं काहीतरी शोधून ठेव, डाग, टायर, काहीही. आणि दोस्ताला त्याच वळणाजवळ बसव, आवाज एकदाच पडेपर्यंत दुसरं काही करू नको.

बार्शीची_नेव्हिगेटर

पाठवते, तीन वर्षांपूर्वीचं पूर्ण रोड बुक आहे. त्यांना सांगा आधी घरात बसून वाचा, मग बार्शी ते सोलापूर रस्त्यावर मी एक छोटं बनवून देते, रविवारी सकाळी ताशी ३६ नं चालवून बघा. झेनचा काटा आधी जुळवून घ्या.

दहाअकराचा_पाना

रविवार सकाळ नको, तेव्हा झेन माझ्याकडं खोललेली असणार. पुढच्या रविवारी करा. मागच्या डाव्या ड्रमचं सिलेंडर गळतंय, ते झाल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही.